चिंचोके, पाटी आणि कल्पना : नंदुरबारच्या प्राथमिक वर्गांतील सर्जनशील खेळ

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व त्यांपलीकडे नर्मदा, दक्षिणेस तापीचे सुपीक खोरे, अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे त्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी होते. नंदुरबारच्या शिक्षणाविषयी बोलताना हे आकडे हटकून पुढे केले जातात आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट मात्र या जिल्ह्यातील प्रत्येक शिक्षकास पहिल्याच आठवड्यात दिसते. सहा वर्षांचे मूल घरी अखंड बोलत असते. कोणत्या झाडाचा डिंक चिकट, कोणत्या ओढ्याला खेकडे मिळतात, कोणती शेळी कळप सोडून जाते, हे ते आजीला ऐकवीत असते. तेच मूल शाळेच्या उंबर्‍याच्या आत येताच मुके होते. कारण घरची भाषा पावरी, मावची, देहवाली, नोयरी अशा भिली बोलींपैकी एखादी असते, सपाटीवर ती अहिराणी किंवा गुजर समाजाची बोली असते, आणि फळ्यावरची भाषा असते प्रमाण मराठी. शिक्षकही अनेकदा बाहेरच्या तालुक्यांतून वा जिल्ह्यांतून आलेले. प्रश्न विचारला जातो, मूल खाली पाहते, शिक्षक उत्तर स्वतःच सांगतात आणि सारा वर्ग ते एका सुरात म्हणतो. काही महिन्यांतच मुलाला 'मंद' हे विशेषण चिकटते. एकदा चिकटलेले हे विशेषण चौथीपर्यंत, कधी कधी शाळा सुटेपर्यंत निघत नाही.

प्राथमिक शाळेतील सर्जनशील खेळांचा विचार या जिल्ह्यापुरता करावयाचा, तर तो येथूनच सुरू करावा लागतो. अशा खेळांचा पहिला उपयोग मुलाला बोलते करणे हा आहे; प्रतिभावंत शोधून काढणे हा पुढचा विषय झाला.

एका प्रश्नाची अनेक उत्तरे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये आपल्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे लक्ष वेधले. त्यांनी विचाराचे दोन प्रकार मानले. एक केंद्राभिसारी, म्हणजे अनेक गोष्टींवरून एकाच योग्य उत्तराकडे जाणारा. दुसरा केंद्रापसारी, म्हणजे एका गोष्टीवरून अनेक दिशांना फाकणारा. शाळेतील बहुतेक प्रश्न पहिल्या जातीचे असतात. 'सात अधिक पाच किती?' या प्रश्नाचे उत्तर बारा हेच. पण 'उत्तर बारा आहे, प्रश्न कोणता?' असे विचारले, की वर्गातील पंचवीस मुले पंचवीस प्रश्न तयार करू शकतात. कोणी सहा दुणे म्हणेल, कोणी वर्षाचे महिने म्हणेल, तर कोणी घरातील कोंबड्यांची पिले मोजील. उजळणी तीच होते. फक्त उत्तर देण्याऐवजी प्रश्न घडविण्याचे काम मुलाकडे येते.

गिलफर्ड यांच्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे एका वस्तूचे जास्तीत जास्त उपयोग सांगणे. पाठ्यपुस्तकांतून विटेचे किंवा कागदाच्या टाचणीचे उदाहरण दिले जाते. सातपुड्यातील शाळेत वीट आणण्याची गरज नाही. बांबूचा एक कांडका किंवा वाळलेला दुधी भोपळा पुरेसा आहे. वाळक्या भोपळ्यात पाणी ठेवतात, बी साठवितात, हे मुलांना ठाऊक असते. होळीच्या वेळी मोरपिसांचे उंच टोप घालून नाचणारे लोक कमरेला असे भोपळे व घुंगरू बांधतात, हेही त्यांनी पाहिलेले असते. म्हणजे या वस्तूच्या उपयोगांविषयी शिक्षकापेक्षा विद्यार्थी अधिक जाणतो. खेळाचा आरंभ अशा जागी व्हावा, जेथे मुलाचे पारडे जड आहे.

येथे एक व्यावहारिक सूचना महत्त्वाची आहे. पहिल्या दोन-तीन मिनिटांत येणारी उत्तरे बहुधा नेहमीची असतात. नंतर वर्ग शांत होतो आणि शिक्षकाला वाटते, खेळ संपला. वास्तविक अनोखी उत्तरे त्या शांततेनंतर येऊ लागतात, असे या विषयावरील प्रयोगांत १९५० च्या दशकापासून आढळून आले आहे. भोपळ्याचे पाणी, बी आणि नाच संपल्यावर मग 'पुरात पोहताना पोटाशी बांधायला', 'बाहुलीचे डोके करायला', 'आत खडे घालून वाजवायला' अशा उत्तरांची पाळी येते. तेव्हा शांतता पडताच 'आता पुरे' म्हणण्याचा मोह शिक्षकाने आवरावा.

पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये सर्जनशील विचाराच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांत चार गोष्टी पाहिल्या जात : उत्तरांची संख्या, त्यांतील विविधता, नावीन्य आणि तपशील. नंदुरबारच्या दोनशिक्षकी शाळेत या चाचण्या घेण्याचे कारण नाही आणि खेळाला गुण देणे तर सर्वथा टाळावे. पण या चार गोष्टी शिक्षकाच्या मनात असल्या, तर वर्गाकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. एखादी मुलगी तीनच उत्तरे देते, पण तिन्ही वेगवेगळ्या दिशांची असतात. दुसरा मुलगा दहा उत्तरे देतो, पण दहाही 'काहीतरी भरून ठेवायला' याच जातीची असतात. दोघांना पुढे वेगवेगळी चाल द्यावी लागेल, हे अशा निरीक्षणावरून कळते.

टॉरन्स यांचा दुसरा एक खेळ तर केवळ पाटी-पेन्सिलीवर होतो. फळ्यावर एक अर्धवट वक्ररेषा काढावयाची आणि प्रत्येकाने ती आपल्या पाटीवर उतरवून तिच्यापासून चित्र पुरे करावयाचे. कोणाला त्यात डोंगराची कड दिसते, कोणाला विळा, कोणाला कोंबड्याची शेपटी. या खेळाला भाषा लागत नाही. म्हणून मराठी न येणार्‍या पहिलीच्या मुलांसाठी जूनमधील पहिले काही दिवस हा खेळ विशेष उपयोगी पडतो. चित्र पुरे झाले, की मुलाने त्याचे नाव स्वतःच्या बोलीत सांगावे आणि शिक्षकाने ते देवनागरीत पाटीखाली लिहून द्यावे. शिक्षकाला तो शब्द माहीत नसेल, तर त्याने वर्गाला विचारावे. शिक्षकही काही शिकतो आहे, हे पाहून मुलांचा संकोच जितक्या लवकर मोडतो, तितक्या लवकर तो दुसर्‍या कशाने मोडत नाही.

होडी आणि कोंबडा

जान्नी रोदारी हे इटलीतील बालसाहित्यिक. लेखक होण्यापूर्वी ते प्राथमिक शिक्षक होते. १९७० मध्ये त्यांना बालसाहित्याचे हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले. १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या शहरात त्यांनी शिक्षकांसमवेत काही दिवस चर्चा केली आणि पुढल्या वर्षी तिच्या आधारे मुलांनी गोष्टी कशा रचाव्यात यावर एक पुस्तक लिहिले. त्यातील एक युक्ती अगदी साधी आहे. दोन मुलांनी एकमेकांना न दाखविता एकेक शब्द लिहावयाचा. मग ते दोन शब्द शेजारी ठेवून गोष्ट करावयाची. शब्द एकमेकांपासून जितके दूरचे, तितकी गोष्ट चांगली. 'गाय' आणि 'वासरू' हे शब्द आले, तर कल्पनेला काही कामच उरत नाही. 'होडी' आणि 'कोंबडा' आले, तर मात्र डोके चालवावे लागते.

ही युक्ती मराठीत आणली म्हणजे तिला एक वेगळाच लाभ जडतो. आपल्या भाषेत दोन नामांचा संबंध विभक्तिप्रत्ययांनी व शब्दयोगी अव्ययांनी जुळतो. तेव्हा होडीतला कोंबडा, होडीवरचा कोंबडा, कोंबड्याची होडी, होडीसाठी कोंबडा, कोंबड्याशिवाय होडी, अशी प्रत्येक जोडणी एक निराळी गोष्ट होते. होडीतला कोंबडा कोणाच्या तरी घरी पाहुणचारासाठी निघालेला असेल. होडीसाठी कोंबडा म्हटले, की नावाड्याला भाड्यापोटी कोंबडा द्यावा लागलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. नर्मदाकाठच्या गावांतील मुलांना होडी ही रोजच्या वापरातील वस्तू आहे. सरदार सरोवराच्या जलाशयालगत मणिबेलीसारख्या गावांशी दळणवळण बर्‍याच अंशी जलमार्गानेच होते. त्यामुळे अशा गोष्टींत मुले होडीची डागडुजी, वारा, डिझेल, किनार्‍याचा चिखल असा तपशील आपोआप भरतात.

विभक्तिप्रत्यय हा भिली बोली बोलणार्‍या मुलांना प्रमाण मराठीतील सर्वांत अवघड भाग वाटतो. 'होडी' ची 'होडीला' होताना काही बदलत नाही, पण 'कोंबडा' चा 'कोंबड्याची' होतो आणि 'घर' चे 'घराला' होते. या सामान्यरूपापाशी मुले अडखळतात. तक्ता पाठ करवून हे साधत नाही, हा अनुभव जुना आहे. याउलट, कोंबड्याची होडी की होडीचा कोंबडा, यावरून दोन गटांत वाद सुरू झाला, की प्रत्ययाने अर्थ कसा पालटतो हे मुलांच्या ध्यानी येते. व्याकरणाचे नाव न घेता होणारा हा व्याकरणाचा पाठ होय.

पहिल्या फेरीत गोष्ट घरच्या बोलीत सांगू द्यावी. दुसर्‍या फेरीत तीच गोष्ट वर्गाने मिळून मराठीत आणावी. हा क्रम उलटा केला, तर मुलाची सारी शक्ती शब्द शोधण्यात जाते व कल्पना जागच्या जागी विरते.

मुलाच्या मनातला शब्द

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणार्‍या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचा 'टीचर' हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील वाचनपुस्तकांतील इंग्रजी घरे, बागा व आईवडील माओरी मुलांना परके होते. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून रोज प्रत्येक मुलाला विचारले, 'तुला आज कोणता शब्द हवा?' मूल सांगेल तो शब्द त्या जाड कागदावर लिहून देत. मूल तो जवळ ठेवी आणि दुसर्‍या दिवशी ओळखी. जो ओळखता आला नाही, तो मुलाच्या मनातला नव्हता असे समजून काढून टाकला जाई. भूत, भांडण, आई अशा भीतीच्या व मायेच्या शब्दांना मुले प्रथम हात घालीत.

अक्राणीतील किंवा नवापुरातील मुलाचा पहिला शब्द कोणता असेल, हे आधी सांगता येणार नाही आणि ते सांगता येत नाही यातच या पद्धतीचे मर्म आहे. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या पट्ट्या, एक शाईचे पेन आणि पट्ट्या ओवण्यासाठी सुतळी, एवढेच साहित्य लागते. शब्द बोलीतला असेल, तर पट्टीच्या मागील बाजूस मराठी शब्द लिहावा. वर्षअखेरीस वर्गाजवळ स्वतःचा असा छोटा दुभाषी शब्दसंग्रह तयार होतो. पुढल्या वर्षी बदलून येणार्‍या नव्या शिक्षकाला तो सर्वांत आधी हाती द्यावा.

याच वाटेने घरचे उखाणे व कोडी वर्गात आणता येतात. आजीकडून एक कोडे विचारून आणणे हा गृहपाठ न लिहिता येणार्‍या आईबापांच्या घरीही होऊ शकतो. किंबहुना तेथे तो अधिक चांगला होतो. कोडे म्हणजे ओळखीच्या वस्तूकडे अनोळखी नजरेने पाहणे. चार कोडी सोडविल्यावर मुलांना शाळेतील घंटा, खडू, फळा, हजेरीपट यांवर स्वतः कोडी रचण्यास सांगावे. रोज झिजतो पण हातपाय हलवीत नाही, अशा धर्तीचे खडूचे कोडे दुसरीतील मूल सहज करते.

बारा चिंचोके

सर्जनशीलता चित्रकला आणि गोष्टींपुरती असते, हा समज शिक्षकांत व अधिकार्‍यांतही पक्का आहे. गणिताच्या तासाला तिचे काय काम, असे विचारले जाते. त्याचे उत्तर मूठभर चिंचोक्यांत मिळते. प्रत्येक जोडीला बारा चिंचोके द्यावेत आणि सारख्या रांगांत जितक्या प्रकारे मांडता येतील तितक्या प्रकारे मांडण्यास सांगावे. एका रांगेत बारा, दोन रांगांत सहा-सहा, तीन रांगांत चार-चार. पुढे आडव्याचे उभे केले, की तेच प्रकार फिरून येतात. मग प्रत्येक जोडीला आणखी एक चिंचोका द्यावा. तेरा चिंचोक्यांच्या सारख्या रांगा काही केल्या होत नाहीत. एकच लांब ओळ होते. बारांपेक्षा तेरा मोठे असूनही त्याच्या मांडण्या कमी का, हा प्रश्न आता मुलांचा स्वतःचा झालेला असतो. मूळ संख्येची व्याख्या त्यांना मोठ्या वर्गात भेटेल, तेव्हा ती ओळखीची वाटेल. सोळा चिंचोक्यांचा चौरस होतो. एक, तीन, सहा, दहा, पंधरा यांचे त्रिकोण होतात. हे शिक्षकाने सांगू नये. एखादी जोडी ते शोधून काढीलच, आणि शोधले नाही तर चिंचोके उद्याही तेच आहेत.

पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात सहभागी झाले. १९७२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम खेड्यातील शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवू पाहत होता. आठवडी बाजारात मिळणार्‍या साध्या वस्तू पाहून गुप्ता यांना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांची जोड सुचली. नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खोचल्या, की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र तिरपा होतो. चौकोनाला कर्ण घातला, की तोही ताठ उभा राहतो. घराच्या छपराची कैची त्रिकोणी का असते, हे मुलाला मग सांगावे लागत नाही. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी असंख्य मुलांपर्यंत पोहोचली.

काड्यांचे गूल खरवडून काढण्याचे काम शिक्षकानेच करावे. काड्याही नकोत असे वाटल्यास खानदेशात त्यांना पर्याय आहे. ज्वारीच्या धांड्याचा मऊ गर आणि बाभळीचे काटे यांतून बैलगाडी करणे ही येथील गुराख्यांची जुनी करमणूक. त्याच साहित्यातून घर, पूल, मनोरा उभारता येतो. दहा काटे आणि धांड्याचे पंधरा तुकडे एवढ्यात जास्तीत जास्त उंच काय उभे राहील, अशी पैज लावली, तर चौथीचा वर्ग एक तास दंग राहतो. पोळ्याला मातीचे बैल करणारा कुंभार, सूप-टोपल्या विणणारा कारागीर किंवा पावा करणारा वृद्ध गृहस्थ यांना अशा तासाला बोलावण्यास हरकत नसावी. त्यांना भाषण करण्याचा आग्रह धरू नये. त्यांनी आपले काम करावे आणि मुलांनी पाहत बसावे. मधून मधून हात लावण्याची मुभा द्यावी.

असे झाले तर?

मोठ्या मुलांसाठी 'असे झाले तर?' हा खेळ आहे. तो निव्वळ हवेतला ठेवू नये. ठाऊक असलेल्या वस्तुस्थितीत एकच गोष्ट बदलावी. महाराष्ट्रातील गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेकडे वाहतात, तर नंदुरबारची तापी व नर्मदा पश्चिमेकडे. मग विचारावे : तापी उद्यापासून पूर्वेकडे वाहू लागली तर? प्रकाशे व सारंगखेडे येथील बंधार्‍यांत पाणी कोणत्या बाजूने येईल? सुरतेचे काय होईल? उकाई धरण भरेल का? जळगावचे लोक खूश होतील की घाबरतील? या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी नकाशा पाहावाच लागतो. मुलांना नकाशात रस नाही, अशी तक्रार ज्या वर्गात असते, तेथे हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

या खेळात वेडीवाकडी उत्तरे येतात. त्यांचे काय करावयाचे, हा शिक्षकांपुढील खरा प्रश्न आहे. खेळ चालू असता कोणत्याही उत्तराला हसू नये व चूक म्हणू नये. सर्व उत्तरे फळ्यावर लिहावीत. खेळ संपल्यावर मात्र वर्गानेच ती निवडावीत : कोणते होऊ शकेल, कोणते नाही, आणि का नाही. हा दुसरा भाग गाळला, तर मुलांना वाटू लागते, की काहीही बोलले तरी चालते. कल्पना आणि पारख यांना एकाच वेळी कामाला लावू नये, पण दोघींनाही काम द्यावे. पाढे, वाचन, शुद्धलेखन यांना हे खेळ पर्याय नाहीत, हेही येथेच नमूद केले पाहिजे. ज्याच्याजवळ पुरेसे शब्दच नाहीत, त्याने शब्दांशी खेळावे कसे?

अंगणातून, कुरणातून

परदेशी नावांमुळे ही कल्पना बाहेरून आली असे वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील उदाहरण अधिक जवळचे आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम उभारले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती; त्यांच्या जागी खडे, शंख-शिंपले, बिया, पाने आणि मातीची भांडी आली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हा आज देशभर रूढ झालेला शब्द या प्रयोगातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाल्यावर, जी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येत नव्हती त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. मुले गुरे घेऊन रानात जात, तेथेच शिक्षण पोहोचले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. कोल्हापुरात १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी सुरू केलेल्या 'सृजन आनंद विद्यालया'ने हीच दृष्टी शहरी वर्गात आणली.

नंदुरबार जिल्ह्यातही १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदाकाठच्या बुडित क्षेत्रातील चिमलखेडी व निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू झाल्या. स्थानिक तरुण शिक्षक आणि मुलांच्या बोलीचा वापर, हे त्यांचे वैशिष्ट्य राहिले. मोठ्या धरणाच्या वादाविषयी कोणाचे मत काहीही असो, परिसर आणि बोली यांना वर्गात स्थान दिल्याने मुले टिकतात, हा धडा जिल्ह्यातील इतर शाळांना तेथून घेता येण्यासारखा आहे.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे बालस्नेही पद्धतीने शिकणे आणि व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषेतून अध्यापन, या दोन्ही गोष्टींचा निर्देश आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा किंवा घरच्या भाषेचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला. मात्र आनंदाला शनिवार नेमून दिला, की उरलेल्या पाच दिवसांचे काय, असा प्रश्न पडतो. आठवड्यातून एकदा तासभर खेळण्यापेक्षा रोजच्या पाठात पंधरा मिनिटे खेळणे अधिक फलदायी होईल.

तपासणीसाठी येणार्‍या केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकार्‍यांनी वर्गातील आवाजाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, तर शिक्षकांचा अर्धा धीर तेथेच वाढेल. गटात वाद घालणारी मुले गडबड करतात. ती बेशिस्त आहे की विचार, हे दारातून कळत नाही. पाच मिनिटे मुलांजवळ बसावे लागते. भिंतीवरील तक्ते आणि फरशीवर तैलरंगाने काढलेल्या आकृत्या यांवरून शाळेची प्रत ठरविण्याचा प्रघात तर सोडलेलाच बरा. त्या आकृत्या बहुधा मोठ्यांनी काढलेल्या असतात. मुलांनी स्वतः काढलेली, थोडी वाकडी, खाडाखोड झालेली चित्रे भिंतीवर आहेत का, हे पाहावे.

पंचायतींचा वाटाही लहान नाही. जिल्ह्याचा बहुतांश भाग अनुसूचित क्षेत्रात असून तेथील ग्रामपंचायतींना २०१५ पासून पेसा कायद्यांतर्गत पाच टक्के अबंध निधी थेट मिळू लागला. या निधीच्या विषयांत शिक्षणाचाही समावेश आहे. ग्रामसभेत शाळेची चर्चा निघते तेव्हा ती कुंपण, रंगरंगोटी आणि संगणक यांवर येऊन थांबते. जाड कागद, रंगीत खडू, कात्र्या, सुतळी आणि गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी यांना फारसा खर्च येत नाही, पण ती मागण्याचे कोणाला सुचत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी ही मागणी ग्रामसभेत मांडावी.

कोयत्यामागून परतलेली मुले

दिवाळीनंतर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व वीटभट्ट्यांवर गुजरातेत किंवा राज्याच्या इतर भागांत जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. काही होळीला, काही त्याहून उशिरा परततात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. या मुलाला मागच्या बाकावर बसवून जुने धडे उतरवून काढण्यास सांगितले जाते आणि पुढल्या वर्षी ते येईनासे होते. गळतीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे एक खूण पडते.

अशा मुलांसाठी एक खेळ आहे. तो या लेखातील इतर खेळांहून सोपा आहे. परतलेल्या मुलाला वर्गासमोर बसवून जमिनीवर राखेने किंवा चुन्याने त्याच्या प्रवासाची रेषा काढू द्यावी : पाडा, मुकादमाचा ट्रक थांबतो ती जागा, नवापूरचा घाट, पुढे लागलेली गावे, उसाचा फड, कारखान्याचे धुराडे. इतर मुलांनी प्रश्न विचारावेत. झोपडी कशाची होती? मोळीचे वजन किती भरे? तिकडची मुले कोणती भाषा बोलत? गुजरातीतील चार-दोन शब्द त्याने शिकवावेत. मोळ्यांचा हिशेब फळ्यावर मांडावा. एका गाडीत मोळ्या किती, दिवसाला गाड्या किती, हे त्याला ठाऊक असते आणि वर्गाला नसते. दुसर्‍या दिवशी ती रेषा कागदावर घ्यावी, गावांची नावे त्यानेच लिहावीत. लिहिता आली नाहीत, तर शेजारच्याने मदत करावी. हा नकाशा भूगोलाच्या तासाला, जिल्ह्याच्या छापील नकाशाशेजारी टांगून ठेवावा. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हाही तो तेथेच असावा, म्हणजे त्या मुलाला शाळेत आल्याबरोबर स्वतःचे अक्षर दिसेल.